सायलेन्सर बदलला, पण त्याच्या आत काय आहे?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका हे थांबण्याचे ठिकाण आहे. डहाणूकडून येणारा रस्ता, कासा-जव्हारकडे जाणारा रस्ता आणि गुजरातच्या दिशेने धावणारी ट्रकची रांग इथे एकत्र येतात. अशा नाक्यावर पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि लहान गॅरेजे असणारच. जुन्या गाड्यांचे मालक अशा गॅरेजांत हमखास विचारतात, की इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही, कॅटलिटिक कन्व्हर्टर गेला म्हणतात, नव्याचा खर्च पाच आकडी आहे; मग तो घरच्या घरी बदलता येईल का? आणि नाहीच परवडला, तर काढून टाकून सरळ पाइप जोडला तर काय बिघडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय, पण काही अटींवर' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. ज्याला स्वतःच्या हाताने नीट काम करायचे आहे त्याला घाबरवले जाते, आणि जो कन्व्हर्टर काढून टाकतो त्याला कुणी हटकत नाही.

कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला एक डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते. या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन या थरावर ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बनतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन होऊन हवेत मुळातच असलेला नायट्रोजन बाहेर पडतो. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत, ते फक्त अभिक्रिया घडवून आणतात. मात्र त्यासाठी डबा तापावा लागतो. साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तो कामाला लागतो. त्यामुळे गाडी सुरू केल्यानंतरची पहिली मिनिट-दोन मिनिटे धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो.

भारतात हा डबा आला त्याला आता तीन दशके झाली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्याच वेळी या शहरांत शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिसे त्या धातूंवर बसले की कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातले पेट्रोल शिसेविरहित झाले. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारे शिसे रस्त्यावरच्या हवेतून हटले, त्याचे काही श्रेय या डब्याला द्यावे लागते. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि पेट्रोल-डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत खाली आले. एवढा सारा खटाटोप देशाने केला तो गाडीखालच्या या डब्याने नीट काम करावे म्हणून.

आता घरच्या दुरुस्तीकडे. पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने 'पी ०४२०' हा संकेत दाखवला की कन्व्हर्टर गेला असे मानून मोकळे होण्याची पद्धत आहे. त्या संकेताचा खरा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तुलना केली असता शुद्धीकरण अपेक्षेपेक्षा कमी दिसते. मागचा सेन्सर बिघडला असेल, सायलेन्सरच्या जोडावर गळती असेल, तरीही हाच संकेत येऊ शकतो. आणि कन्व्हर्टर खरोखर गेला असला, तरी बहुतेक वेळा त्याला दुसऱ्या कशाने तरी मारलेले असते. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, आतली वीट वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त धातूंवर साचतात. भेसळीचे पेट्रोल, दगडावर आदळलेला डबा, तापलेल्या अवस्थेत खोल पाण्यात घातलेली गाडी यांनीही तो जातो. मूळ आजार तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो. पाच आकडी रक्कम पाण्यात जाते आणि 'हा भागच बोगस असतो' अशी समजूत पक्की होते. म्हणून आधी निदान, मग पाना. गाडी वॉरंटीत असेल तर पान्याला हात लावण्याआधी ते तपासून घ्यावे.

निदान झाल्यावर काम अवघड आहे का? गाडीवर अवलंबून आहे. जुन्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली, दोन जोडांच्या मध्ये बोल्टने बसवलेला असतो. तो बदलणे हे सवय असलेल्या माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नव्या गाड्यांत तो लवकर तापावा म्हणून थेट इंजिनाला लागून बसवतात. तिथे जागा अडचणीची, बोल्ट गंजलेले आणि शेजारी नाजूक वायरिंग. ते काम घरी न केलेले बरे.

पोटाखालच्या डब्याचे काम घरी करायचे असेल तर सगळ्यात मोठा धोका धुराचा नाही, वजनाचा आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. अंगणातली माती पावसाने मऊ झालेली असेल तर तो हळूहळू रुततो, कलतो. सपाट, टणक जमीन, चाकांना अडण्या आणि दोन मजबूत लोखंडी स्टँड नसतील तर काम सुरूच करू नये. विटा रचून त्यावर गाडी ठेवणे हा तर जिवाशी खेळ आहे. दाबाखाली वीट फुटताना आगाऊ सूचना देत नाही.

दुसरा धोका भाजण्याचा. चालून आलेल्या गाडीच्या कन्व्हर्टरचे तापमान काहीशे अंश असते. दोन-तीन तास थंड होऊ दिल्याशिवाय हात लावू नये. याच उष्णतेमुळे वाळलेल्या गवतावर किंवा पेंढ्यावर गाडी उभी केली तर आग लागू शकते, हे भातकापणीनंतरच्या दिवसांत खळ्याजवळ गाडी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पुढचे काम कारागिरीचे आहे. बॅटरीची ऋण तार सोडवायची, गंज सोडवणारे तेल बोल्टवर टाकून वाट पाहायची, सेन्सर हलक्या हाताने काढायचे, पाइपला आधार देऊन डबा उतरवायचा. नव्या डब्यावर वायू वाहण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच बसवायचा. गॅस्केट नेहमी नवे घ्यायचे. शेवटी इंजिन उघड्यावर सुरू करून प्रत्येक जोडाची गळती तपासायची. बंद पडवीत किंवा शेडमध्ये ही तपासणी कधीही करू नये. नवा कन्व्हर्टर बसवला म्हणून धूर निर्धोक होत नाही. थंड असताना तो काम करत नाही हे वर आलेच आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

गळतीचा हा मुद्दा शेअर गाड्यांच्या बाबतीत आणखी गंभीर आहे. खेड्यापाड्यांतून रेल्वे स्टेशनपर्यंत माणसे वाहणाऱ्या व्हॅनमध्ये पावसाळ्यात काचा बंद असतात आणि माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. काही व्हॅनमध्ये तर इंजिनच पुढच्या आसनांखाली असते. कच्चा जोड मारलेल्या सायलेन्सरचा धूर तिथे फटींतून आत येऊ शकतो. प्रवाशांना वाटते गाडी लागली. पैसे वाचवून केलेल्या जोडकामाची किंमत अशी गाडीत बसणाऱ्यांच्या रक्तातून वसूल होते.

इथे एक वेगळी गोष्टही नोंदवली पाहिजे. गेल्या काही वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या टोळीबाज घटना घडल्या आणि पोलिसांनी अटकाही केल्या. चोरांना सायलेन्सरचे लोखंड नको असते, त्याच्या आतली 'माती' हवी असते. ही माती म्हणजेच कन्व्हर्टरची फोडलेली वीट. तिच्यात जेमतेम काही ग्रॅम मौल्यवान धातू असतात, पण त्यांचा भाव मोठा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियमचा जागतिक भाव औंसाला एकोणतीस हजार डॉलरच्या आसपास पोचला होता, त्या वेळच्या सोन्याच्या दहापटीहून अधिक. गाडी उंच असल्याने तिच्याखाली शिरणे सोपे, म्हणून याच गाडीवर डोळा.

ज्याचा सायलेन्सर चोरीला गेला त्याच्यापुढे नवा प्रश्न उभा राहतो. त्या गाडीवर घर चालते. एक दिवस गाडी उभी म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली. अस्सल भागाचे पैसे नसतात, आणि कुणीतरी तयार पर्याय दाखवतो: बाहेरून हुबेहूब सायलेन्सर, आतून रिकामा. किंमत अगदीच कमी. गाडी धावते, आवाज जरा वाढतो, एवढेच. अशा माणसाला गुन्हेगार ठरवून भागणार नाही. पण त्याने विकत घेतलेली वस्तू म्हणजे कन्व्हर्टरच्या आकाराचा रिकामा डबा आहे, हे त्याला सांगितलेच गेले नसेल, तर तो दुसऱ्यांदा लुटला गेला आहे.

जुना डबा फोडणाऱ्याचे काय? भंगाराच्या दुकानात छिन्नी-हातोड्याने कन्व्हर्टर फोडला जातो तेव्हा बारीक धूळ उडते. विटेभोवती जी तंतूंची गादी असते तिच्यात उष्णतारोधक सिरॅमिक तंतू असू शकतात. हे तंतू माणसात कर्करोग निर्माण करू शकतात अशा वर्गात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठेवले आहेत. प्लॅटिनमच्या काही क्षारांमुळे शुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांना दमा जडतो, हेही वैद्यकशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. घरी कन्व्हर्टर बदलणाऱ्याने जुना डबा उघडून पाहण्याची हौस करू नये. तो न फोडता अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावा. त्यातल्या धातूला किंमत आहे, ती फुकट घालवण्याचेही कारण नाही.

'काढूनच टाकला तर मायलेज वाढते' हा समज मात्र मुळापासून खोडला पाहिजे. तुंबलेला कन्व्हर्टर गाडीची ताकद खातो हे खरे. तो बदलला की गाडी पुन्हा पळते हेही खरे. पण ठणठणीत कन्व्हर्टर काढून हाती काही लागत नाही. आजच्या गाडीतला संगणक सेन्सरच्या खुणेवर इंधन मोजतो. खूण चुकली की मापही चुकू शकते. सीएनजीची गाडी आहे, तिला कन्व्हर्टर कशाला, असेही म्हटले जाते. सीएनजीत काजळी कमी हे बरोबर. पण ज्वलनाच्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतातच, इंधन कोणतेही असो. दिल्ली-गुरुग्राममध्ये रस्त्याकडेला उपकरणे लावून केलेल्या एक लाखाहून अधिक मोजण्यांचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सीएनजीवरच्या व्यावसायिक वाहनांचे हे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या कितीतरी वर आढळले.

मग कायदा काय करतो? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना वाहनात फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. प्रदूषणाचे मानक मोडून गाडी चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय परवाना तीन महिने निलंबित. अस्सल दर्जाचा भाग त्याच्या जागी बसवणे हा फेरबदल नव्हे; कन्व्हर्टर काढून टाकणे हा आहे. कायदा कमी पडत नाही, तो जिथे लागू व्हायचा ते पीयूसी केंद्र कमी पडते.

पीयूसीमध्ये पेट्रोल व सीएनजी गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. भारत स्टेज चारपासूनच्या मोटारींना इंजिन निवांत फिरत असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला प्रामाणिक मोजणीत ही मर्यादा पाळणे सहसा जमत नाही. तरीही अशा गाड्यांच्या खिशात प्रमाणपत्र असते, याचा अर्थ उघड आहे. दिल्लीत महालेखापरीक्षकांच्या २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालाने तर मोजणीत मर्यादा ओलांडलेल्या एक लाखाहून अधिक वाहनांनाही प्रमाणपत्रे दिली गेल्याचे नोंदवले. शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड पीयूसीत मोजलेच जात नाहीत. म्हणजे कन्व्हर्टरच्या तीन कामांपैकी एक काम कधी तपासलेच जात नाही. हेच वायू उन्हात ओझोन तयार करतात, दम्याच्या रुग्णांचा श्वास कोंडतात आणि पिकांची पानेही होरपळवतात.

डहाणू तालुक्याला हा विषय परका नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांना पाचशे एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर नेमलेल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे नेतृत्व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशकांहून अधिक काळ केले. नर्गिस इराणी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातले गंधक काढण्याची यंत्रणा बसवावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि ती यंत्रणा २००७ मध्ये बसली. देशातल्या बहुतेक वीज केंद्रांत ती अजून बसायची आहे. चिकूच्या वाड्या आणि वारली पाडे असलेल्या या मुलखाने एका मोठ्या धुराड्याला गाळणी लावून घेतली. आता त्याच तालुक्यातून जाणाऱ्या महामार्गावर हजारो लहान धुराडी धावतात, आणि त्यांच्या गाळण्या एकेक करून गळून पडत असतील तर ते पाहायला कोणतेही प्राधिकरण नाही. परिसंवेदनशील क्षेत्रांसाठी नायट्रोजन डायऑक्साइडचे वार्षिक मानक घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे इतर भागांच्या ४० पेक्षा कडक ठेवले आहे. कागदावरचे हे वेगळेपण रस्त्यावरच्या तपासणीतही दिसायला हवे.

उपाय परदेशातून उसने आणावे लागतील असे नाही, पण तिथला एक धडा उपयोगी आहे. अमेरिकेत बदली कन्व्हर्टरला मान्यता लागते, कॅलिफोर्नियात तर मान्यतेचा क्रमांक डब्यावर कोरलेला असतो. युरोपात बदली कन्व्हर्टरसाठी स्वतंत्र नियम आहे. घरी बदलणाऱ्या माणसाला तिथे निदान हे कळते, की आपण विकत घेतो आहोत तो खरा आहे. आपल्याकडच्या ग्राहकालाही दुकानात डबा हातात घेऊन ते सहज पडताळता आले पाहिजे, आणि रिकामे डबे विकणाऱ्या दुकानदारावर कारवाई व्हायला हवी. गाडीवाल्यावर दंड ठोकणे सोपे, पण मालाचा उगम तिथे नाही. पीयूसी केंद्रात मोजणीबरोबर गाडीखाली आरसा धरून कन्व्हर्टर आहे की नाही हे पाहणे सक्तीचे करावे. त्याला ना मोठे यंत्र लागते ना पैसा. चोरी झालेल्या व्यावसायिक गाडीच्या मालकाला विम्याचा दावा पटकन मिळाला तर रिकाम्या सायलेन्सरची बाजारपेठ आपोआप आटेल. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात पिवळ्या दिव्याचे निदान, स्टँडचा वापर आणि जुन्या कन्व्हर्टरची धूळ हे तीन विषय तरी नीट शिकवले जावेत.

स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल समाजाला कौतुक वाटायला हवे. तो पैसे वाचवतो, वस्तू टिकवतो, यंत्र समजून घेतो. त्याच्याकडून अपेक्षा एकच आहे: गाडी स्टँडवर, डबा थंड, भाग अस्सल आणि जुना डबा न फोडलेला. घराच्या छपराची गळती प्रत्येकाने आपापल्या पैशाने आणि आपापल्या सोयीने थांबवावी, कारण भिजतो तो घरमालक. सायलेन्सरचे तसे नाही. त्याच्या तोंडाशी गाडीचा मालक कधीच उभा नसतो. तिथे रस्त्याच्या कडेने शाळेत चालत जाणारी पोरे असतात.